अर्धा चमचा

"रत्ना, हे लेबल कोणी टाइप केलं?"

मिसेस हागोपियन यांनी औषधाची बाटली दिव्यासमोर धरली होती. दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. अमेरिकेतल्या त्या छोट्या औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे प्रश्नाची गरज नव्हती.

"मी," मी म्हणाले.

"चिठ्ठीत अडीच चमचे आहे. लेबलवर अर्धा चमचा. बोट चुकलं का?"

हो म्हणायला हरकत नव्हती. बोट चुकणं हा लहान गुन्हा होता. त्या टाइपरायटरवर महिन्यातून एकदा तरी व्हायचा. पण हो म्हटलं असतं तर लेबल बदललं गेलं असतं, आणि ती बाटली काउंटरपलीकडे बसलेल्या मुलीच्या हातात गेली असती. लूपे तिचं नाव. द्राक्षमळ्यात कामाला होती, वीसएक वर्षांची. मांडीवर चार महिन्यांचं बाळ दुपट्याचं टोक चोखत पडलं होतं.

"बोट नाही चुकलं," मी म्हणाले. "चिठ्ठी चुकली आहे."

मिसेस हागोपियन यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. औषध आकडी येणाऱ्या मुलांना देतात ते. एक चमचा म्हणजे पाच मिली. एवढ्या बाळाला अडीच मिली, म्हणजे अर्धा चमचा. डॉक्टरांना लिहायचं होतं मिली आणि लिहून बसले होते चमचे. पाचपट. ते बाळ झोपलं असतं आणि पुन्हा उठलं नसतं.

मनातल्या मनात हिशेब करून त्या स्टुलावर टेकल्या. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. "चिठ्ठीच चुकली आहे."

मी मोकळा श्वास घेतला. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट पाहिली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोनवर होता. आणि डॉक्टर व्हिटलॉक एवढे जुने माणूस. उगाच त्यांना..."

"उगाच काय?"

"लाज वाटली असती त्यांना."

मिसेस हागोपियन यांनी काउंटरखालचा खण उघडला. त्यात माझा फॉर्म होता. वर्षभर तो तिथेच असायचा. पंधराशे तास देखरेखीखाली काम केल्याचा दाखला. त्यावर त्यांची सही झाली की तो राज्याच्या बोर्डाकडे जायचा आणि मला फार्मसी टेक्निशियनचं लायसन्स मिळायचं. चौदाशे ब्याऐंशी तास भरले होते. उरले अठरा. सोमवारी दुकानाचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर दुकान एका मोठ्या कंपनीकडे जाणार होतं आणि मिसेस हागोपियन बहिणीकडे राहायला. त्यांनी सही केली नाही तर वर्ष पाण्यात. दुसरीकडे पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात. आणि सेहेचाळीस वर्षांच्या, अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या बाईला दुसरं दुकान दारात उभं करणार होतं का, हा प्रश्न वेगळाच.

त्यांनी फॉर्म वर काढला, पाहिला, आणि परत खणात ठेवून खण लावला.

"हे तू पहिल्यांदा केलंस?"

"इथे पहिल्यांदा."

"आणि तिकडे?"

"अकरा वर्षं," मी म्हणाले.

आज सत्त्याहत्तराव्या वर्षीही मला तासगावच्या सरकारी दवाखान्याची ती औषधाची खिडकी जशीच्या तशी दिसते. लोखंडी गज, पुढे बायाबापड्यांची रांग, प्रत्येकीच्या हातात घरून धुऊन आणलेली बाटली. आम्ही मोठ्या बरणीतून मिक्स्चर ओतून द्यायचो आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एका वेळी एक खाच प्यायची. वाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा ते कळायचं.

मी नवीन असताना एकदा डॉ. शेटे यांच्या चिठ्ठीत असंच चमच्याचं आणि मिलीचं झालं होतं. मी चिठ्ठी घेऊन तडक त्यांच्या खोलीत गेले आणि भरल्या पेशंटांत म्हणाले, "साहेब, हे चुकलंय." रांगेतला कोणीतरी हसला. साहेबांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी मागच्या गोदामात, बरण्या मोजायला. महिनाभर.

त्या महिन्याच्या शेवटी आमचे थोरले कंपाउंडर, नलवडे आण्णा, गोदामात येऊन खोक्यावर बसले. "चौगुलेबाई," म्हणाले, "शेटे साहेब वाईट माणूस नव्हं. दिवसाला दोनशे पेशंट बघतंय. चुकणारच की. आपण कशाला हायं? चूक दिसली की बाटलीत सुधारायची. तोंडानं नाही. पट्टीला बरोबर खाचा पाडायच्या, बाटली द्यायची. पोरगं बरं, साहेब खूष, आपण खिडकीवर."

मला ते इतकं शहाणपणाचं वाटलं की सांगता येत नाही. त्यानंतर अकरा वर्षं मी शेटे साहेबांच्या चुका बाटलीत सुधारत राहिले. महिन्यातून एखाददुसरी. ते मला मान द्यायचे; दिवाळीला घरी फराळाला बोलवायचे. आणि खरं म्हणजे मला त्याचा छुपा अभिमान होता. कोणाला कळू न देता केलेलं चांगलं काम म्हणजे आणखीच चांगलं, असं मी धरून चालले होते.

हे सगळं मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मिसेस हागोपियन यांना सांगितलं. त्या आर्मेनियन. बुटक्या, गुबगुबीत, उन्हाळ्यातही लोकरी जॅकेट घालणाऱ्या. एरवी मला "रत्ना जान" म्हणायच्या. त्यांच्या भाषेतही जान म्हणजे जानच. त्या दिवशी दुपारपासून नुसतं "रत्ना" चाललं होतं.

"फोन लाव," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"व्हिटलॉकला. कायद्यानं बोलायचं काम माझं आहे, म्हणून दुसऱ्या फोनवर मी असेन. पण चूक तू पकडलीस. सांगायचीही तूच."

"तुम्ही सांगा ना. माझं इंग्रजी..."

"लेबल टाइप करण्याइतकं आहे ना? मग पुरेल."

लूपे आमच्याकडे बघत होती. तिला काही कळत नव्हतं, पण दोन बायका बाटलीकडे बघून वाद घालताहेत एवढं दिसत होतं. मी तिला हातानं थांब म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी नंबर फिरवला. आधी त्यांच्या रिसेप्शनवरची बाई आली. डॉक्टर पेशंट बघताहेत, निरोप ठेवा, म्हणाली. मी मिसेस हागोपियन यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून त्या समोर उभ्या होत्या, आणि भिंतीकडे बघत होत्या.

"निरोप नाही," मी म्हणाले. "आत्ता बोलायचं आहे. बाळ इथे बसलं आहे."

ती डॉक्टरांना बोलवायला गेली. मग एक घोगरा, घाईतला आवाज. "व्हिटलॉक. कोण बोलतंय?"

"मी औषधाच्या दुकानातून रत्नप्रभा. डॉक्टर, तुम्ही बाळाला आकडीचं औषध लिहिलं आहे. अडीच चमचे लिहिलं आहे. तुम्हाला अडीच मिली म्हणायचं होतं का?"

मला तासगावची ती खोली आठवली. रांगेतलं ते हसणंही आठवलं. कागद उलटल्याचा आवाज आला.

"मिली," ते म्हणाले. "अर्थातच मिली. अरे देवा." मग पुन्हा कागदांचा आवाज, या वेळी भराभर. "थांबा. फोन ठेवू नका."

आम्ही थांबलो. मिसेस हागोपियन पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"आज सकाळी आणखी एक बाळ होतं," डॉक्टरांचा आवाज आता निराळाच झाला होता. "हेच औषध. माझ्या वहीत नक्कल आहे. तिथेही मी चमचेच लिहिलंय. ती माणसं पलीकडच्या गावची, औषध तिकडेच घेतलं असेल. मी ठेवतो. मला त्यांना फोन करायला हवा."

खट्कन फोन बंद झाला.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्यासमोर एक बाटली होती. ती मी सुधारली होती. दुसरी बाटली पंधरा मैलांवर कोणाच्या तरी घरात फळीवर होती, आणि तिला सुधारणारं कोणी नव्हतं. मी गप्प बसले असते तर डॉक्टरांना ती आठवलीच नसती. उद्या तिसरी लिहिली असती.

मिसेस हागोपियन यांनी लूपेला बाटली दिली, तोंडात औषध सोडायची छोटी सिरिंज दिली, अडीचच्या रेघेवर लाल पेनानं खूण केली आणि स्पॅनिशमध्ये तीन वेळा समजावलं. लूपेनं ती रेघ आम्हाला दाखवून खात्री करून घेतली. मग गेली. मी लेबलं टाइप करत बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

सव्वापाचला फोन वाजला. मिसेस हागोपियन यांनी घेतला, ऐकला, "हं, हं" केलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पहिला डोस झोपताना द्यायचा होता. अजून दिला नव्हता. व्हिटलॉकनं स्वतः जाऊन बाटली परत आणली."

मी स्टुलावर बसले. मला वाटलं आता खण उघडेल. पण त्यांनी शटर ओढलं आणि म्हणाल्या, "उद्या नऊ वाजता."

बाहेर यांची पिकअप उभी होती. आमचे हे तिथल्या मनुकांच्या कारखान्यात होते. आधी दोन वर्षं मीही तिथेच सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून मनुकांतल्या काड्या वेचल्या होत्या. तासगावच्या बेदाण्याची सर इथल्या मालाला नाही, हे ते रोज एकदा तरी सांगायचे.

"झाली सही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"मी बरोबर औषध दिलं म्हणून."

गाडी सुरू करायची सोडून ते माझ्याकडे बघत बसले. "बरोबर दिलं म्हणून सही न्हाई? असं कुठं असतंय?"

घरी जाईपर्यंत मी सगळं सांगितलं. गाडी लावल्यावर ते म्हणाले, "मग शेटे साहेबांचं काय?"

"काय त्यांचं?"

"तू इकडं आल्यावर कोण बघतंय तिथं?"

हा माणूस आयुष्यात कधी फारसं बोलला नाही, पण जे बोलायचा ते असं. रात्रभर मला झोप नाही. तासगाव सोडून मला तीन वर्षं झाली होती. नलवडे आण्णा तर त्याच्याही आधी निवृत्त झाले होते. माझ्या जागी कोणीतरी नवीन लागलेलं. आणि शेटे साहेब तिकडे चमचे लिहीत बसलेले, अकरा वर्षांत एकदाही चूक न झाल्यासारखे. ती चूक त्यांच्यापासून लपवून जपली होती मी. मला एकेक बाळ दिसायला लागलं.

शनिवारी दुकानात गर्दी होती. दुकान बंद होणार म्हणून जुनी गिऱ्हाइकं निरोप घ्यायला येत होती. कोणी केक आणला होता, कोणी जर्दाळू. मिसेस हागोपियन एका हातानं डोळे पुसत होत्या, दुसऱ्या हातानं पिशव्या देत होत्या. मिस्टर डायर नावाचे म्हातारे काठी टेकत पुढे आले. मिसेस हागोपियन यांनी त्यांचा हात हातात घेतला, काही तरी जुनी आठवण काढली, आणि शेल्फवरची पिशवी उचलून त्यांना दिली.

पिशवीवर नाव दुसरं होतं. मी टाइप केलेलं लेबल, मला लांबूनही ओळखू आलं. ते साखरेच्या आजाराचं औषध होतं आणि मिस्टर डायरना साखरेचा आजार नव्हता.

मला अजून आठवतं, माझा पहिला विचार काय आला. ते दाराशी गेले की मागून जायचं, काही तरी निमित्त काढून पिशवी हळूच बदलायची. पाऊल उचललंही होतं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. दुकानातली सहासात माणसं वळली. "मिसेस हागोपियन, ही पिशवी यांची नाही. तुमची चूक झाली आहे."

कोणी हसलं नाही. मिसेस हागोपियन यांचा चेहरा केसांच्या मुळांपर्यंत लाल झाला. त्यांनी पिशवी परत घेतली, नाव वाचलं, आणि सगळ्यांदेखत मिस्टर डायरना म्हणाल्या, "माफ करा. मी चुकीची दिली होती. हिनं पाहिलं."

"बरं झालं हिनं पाहिलं," मिस्टर डायर म्हणाले. "चाळीस वर्षं तुमच्याकडे येतोय, शेवटच्या आठवड्यात मारायला नको." आणि बरोबर पिशवी घेऊन, केकचा तुकडा खात निघून गेले.

मी मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले. गोदामात पाठवायला आता इथे गोदामच नव्हतं, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि एकटीच हसले.

रविवारी मी शेटे साहेबांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी एका पानात मावलं. साहेब, तुम्ही घाईत असलात की मिलीच्या जागी चमचा लिहिता. लहान मुलांच्या औषधात हे जास्त होतं. मी अकरा वर्षं ते बाटलीत सुधारलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आता खिडकीवर जो कोणी असेल त्याला हे पत्र दाखवा.

सोमवारी पंधराशेवा तास दुपारी दोनला भरला. शेल्फं रिकामी झाली होती. मिसेस हागोपियन यांनी छोट्या कपात त्यांची ती दाट काळी कॉफी ओतली, एक माझ्यापुढे ठेवली.

"शनिवारचं मुद्दाम केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला तसं वाटलं असेल तर. चष्मा बदलायला झाला आहे, एवढंच."

"मला तसं वाटलं नव्हतं."

"तुझ्या त्या डॉक्टरला सांगितलंस?"

"काल पत्र लिहिलं. आज सकाळी टाकलं."

"माफी मागितलीस?"

"नाही. चूक सांगितली. त्यांची आणि माझी."

त्यांनी खण उघडला. फॉर्म काउंटरवर पसरला, शेवटचे अठरा तास भरले, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाईल अशी मोठी, गोलगोल सही केली. मग कागद माझ्याकडे फिरवला.

"शाई वाळू दे, रत्ना जान," त्या म्हणाल्या.

लायसन्स पाच आठवड्यांनी आलं. टपालाच्या पाकिटात घडी घालून एक साधासा कागद. त्यावर माझं पूर्ण नाव, रत्नप्रभा भूपाल चौगुले, एकही अक्षर न चुकता. वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीनं, ज्यांच्यामुळे आम्ही अमेरिकेत आलो त्यांनी, पुरणपोळ्या केल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. पण घास घेताना मन पेटीपाशी होतं. रोज दुपारी पोस्टमन गेला की मी पत्रांची पेटी उघडून बघायचे, आणि त्यात तासगावचं काही नसायचं.

ते त्यानंतर दहा दिवसांनी आलं. निळं आंतरदेशीयासारखं विमानपत्र, डॉक्टरी अक्षर. घरात न्यायचा धीर झाला नाही. पेटीजवळच, फुटपाथच्या कडेला बसून मी ते केसातल्या पिनेनं उघडलं.

"चौगुलेबाई," शेटे साहेबांनी लिहिलं होतं, "तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं. तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशीच तुमच्या जागेवर आलेली मुलगी, शबाना मुल्ला नाव, चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, साहेब, हे मिली का चमचे? मी तिच्यावर ओरडलो. ती हलली नाही. म्हणाली, ओरडा, पण आधी सांगा. त्या दिवशी घरी गेल्यावर मला प्रश्न पडला की अकरा वर्षांत हे मला कोणीच कसं विचारलं नाही. आणि मग तुमच्या खाचांच्या पट्ट्या आठवल्या. तेव्हापासून मी चमचा हा शब्दच लिहीत नाही. फक्त मिली. तुमच्या पत्रानंतर, तुम्ही सुट्टीवर असायचा त्या दिवसांचं मनात आलं म्हणून मुलांच्या वॉर्डाची जुनी रजिस्टरं काढून बसलो. तीन रविवार गेले, म्हणून उत्तराला उशीर. सगळी पाहिली. जास्त डोसानं दगावलेलं एकही मूल सापडलं नाही. बहुधा नलवडेही तेच करत असावेत. तुमचे आभार मानायचे होते आणि तुमच्यावर रागवायचंही होतं, पण दोन्हीसाठी पत्ता नव्हता. आता आहे."

खाली सही, आणि सहीखाली: "शबाना मुल्ला शेजारी उभी आहे. शब्द नीट लिहिलेत ना हे तिनं तपासलं."

मी पत्र तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा दार वाजलं. हे बाहेर आले. मला तशी फुटपाथवर बसलेली, पदरानं तोंड पुसत असलेली पाहून जागीच थांबले. गावाकडचं पत्र आणि रडणारी बायको, यांचा अर्थ आमच्या पिढीला एकच माहीत होता.

"कुणाचं पत्र?" त्यांनी हळूच विचारलं. "कोण गेलं?"

"नाही हो," मी म्हणाले. "कोणी गेलं नाही. एकसुद्धा नाही."